ऑनलाइन अभ्यासक्रमांचे संमंत्रण : बंगळुरूच्या अनुभवातून काही धडे

शिक्षण विद्यार्थ्याच्या दारी न्यावयाचे, तर अध्ययन साहित्य, व्याख्यान आणि शिक्षक या तिन्ही गोष्टी तेथवर पोहोचाव्या लागतात. ऑनलाइन माध्यमाने यांपैकी पहिल्या दोन गोष्टी पोहोचविण्याचा खर्च मोठ्या प्रमाणावर कमी केला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकाचे व्याख्यान आज गडचिरोलीतील किंवा सिंधुदुर्गातील विद्यार्थी विनामूल्य ऐकू शकतो. परंतु त्या व्याख्यानातील एखादी पायरी त्याला समजली नाही, तर विचारायचे कोणाला? विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर किती दिवसांत मिळते? आणि तो मुकाट्याने अभ्यासक्रम सोडून गेला, तर ते कोणाच्या ध्यानात येते का? ऑनलाइन शिक्षणाचे खरे यशापयश या प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असते.

अशा मोठ्या, खुल्या व ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांवरून त्यांना ‘मूक’ असे संबोधले जाते. २००८ मध्ये कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाच्या एका अभ्यासक्रमाच्या निमित्ताने ही संज्ञा रूढ झाली. मराठीत या शब्दाचा अर्थ ‘न बोलणारा’ असा होतो, हा केवळ योगायोग आहे. तथापि ज्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांशी बोलणारे कोणी नसते, त्याला हे नाव अक्षरशः लागू पडते. २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सेबॅस्टियन थ्रन व पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार जणांनी नावे नोंदविली. अभ्यासक्रम पूर्ण करणारे सुमारे २३ हजार होते. हार्वर्ड व एमआयटी या संस्थांच्या अशा अभ्यासक्रमांचा आढावा घेणारा अभ्यास ‘सायन्स’ नियतकालिकात २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे त्यात आढळले. नोंदणी करणारा प्रत्येक जण अभ्यासक्रम पूर्ण करण्याच्या हेतूनेच येतो असे नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तरीही गळतीचे हे प्रमाण विचार करावयास लावणारे आहे.

संमंत्रण म्हणजे काय?

ऑनलाइन अभ्यासक्रमातील चर्चा, शंकानिरसन, स्वाध्याय आणि विद्यार्थ्यांचा सहभाग यांवर देखरेख ठेवून त्यांना योग्य दिशा देणे, या कामास इंग्रजीत ‘मॉडरेशन’ म्हणतात. महाराष्ट्रात या कामाला जवळचा असा शब्द आधीपासून प्रचारात आहे. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने अभ्यासकेंद्रावर विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षकास ‘संमंत्रक’ असे नाव दिले. संमंत्रकाने पुस्तक पुन्हा शिकवावे, ही अपेक्षा नसते. विद्यार्थी स्वतः पुस्तक वाचत असताना जेथे अडतो, तेथे त्याला पुढे जाण्यास साह्य करणे हे त्याचे काम होय. ऑनलाइन अभ्यासक्रमातही नेमके हेच काम अभिप्रेत असते. फरक इतकाच की येथे विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही. त्याची अडचण त्याने लिहिलेल्या शब्दांवरून किंवा त्याच्या मौनावरून ओळखावी लागते.

दूरशिक्षणाचे अभ्यासक मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातील आंतरक्रियेचे तीन प्रकार सांगितले : विद्यार्थी व आशय, विद्यार्थी व शिक्षक आणि विद्यार्थी व विद्यार्थी. चित्रित व्याख्यानामुळे पहिली आंतरक्रिया साधते. उरलेल्या दोन आपोआप घडत नाहीत. त्या घडवून आणणे म्हणजेच संमंत्रण.

उपग्रहाचा धडा

या विषयाच्या दृष्टीने बंगळुरू शहराचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, मुख्यालय याच शहरात आहे. इंटरनेट सर्वत्र पोहोचण्यापूर्वी दूरस्थ शिक्षणासाठी उपग्रहाचा वापर करण्याचे प्रयोग इस्रोने केले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात झालेल्या ‘साइट’ या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. कर्नाटक हे त्यांपैकी एक राज्य होते. खेड्यातील लोक कार्यक्रम पाहू शकत होते. परंतु त्यांना उलट प्रश्न विचारण्याची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

१९९५ पासून इस्रोने प्रशिक्षण व विकास संज्ञापनासाठी स्वतंत्र वाहिनी उपलब्ध करून दिली. चित्र एकाच दिशेने आणि आवाज दोन्ही दिशांनी, अशी तिची रचना होती. व्याख्यात्याला पाहणारा प्रशिक्षणार्थी दूरध्वनीवरून त्याला प्रश्न विचारू शकत असे. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतराज संस्थांवर निवडून आलेल्या सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी कर्नाटकाने या पद्धतीचा उपयोग केला.

यापुढचा टप्पा ‘एज्युसॅट’चा. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा भारतीय उपग्रह २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून जीएसएलव्ही-एफ०१ या प्रक्षेपकाद्वारे सोडण्यात आला. त्याआधीच इन्सॅट-३बी या उपग्रहाच्या साह्याने प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला होता. त्यासाठी तीन विद्यापीठांची निवड झाली : कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ, महाराष्ट्रातील यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि मध्य प्रदेशातील राजीव गांधी तंत्रशास्त्र विद्यापीठ. यांपैकी विश्वेश्वरय्या विद्यापीठाचे मुख्यालय बेळगाव येथे आहे. अनुभवी प्राध्यापकांची वाण असलेल्या तालुक्याच्या ठिकाणच्या अभियांत्रिकी महाविद्यालयालाही चांगले अध्यापन मिळावे, हा अशा योजनेमागील विचार होता.

एज्युसॅटच्या जाळ्यात दोन प्रकारची केंद्रे होती. काही केंद्रांवर केवळ ग्रहण करता येत असे, तर काही केंद्रांवरून प्रश्नही विचारता येत. पहिल्या प्रकारची केंद्रे स्वस्त आणि म्हणून अधिक ठिकाणी उभारण्याजोगी होती. शैक्षणिक दृष्ट्या मात्र या दोहोंत मोठे अंतर आहे. उलट प्रश्न विचारता न येणाऱ्या केंद्रावर एखादा स्थानिक शिक्षक पाठापूर्वी प्रस्तावना करणारा आणि पाठानंतर चर्चा घेणारा असेल, तरच त्या पाठाचा लाभ होतो. अन्यथा विद्यार्थी केवळ प्रेक्षक उरतो. २०१० मध्ये हा उपग्रह सेवेतून निवृत्त झाला. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ मध्ये एज्युसॅटच्या वापराचा आढावा घेताना जाळ्याच्या जोडणीचे नियोजन, आशयनिर्मिती आणि सक्षम व्यवस्थापन यांतील उणिवांवर बोट ठेवले. उपग्रहाने आपले काम केले होते. पृथ्वीवरील माणसांची आणि आशयाची व्यवस्था तितक्या तयारीची नव्हती. ऑनलाइन अभ्यासक्रमांची आखणी करताना हा धडा विसरून चालणार नाही.

एनपीटेल, स्वयम् आणि दीक्षा

इंटरनेटच्या काळातही बंगळुरूचे स्थान महत्त्वाचे राहिले आहे. मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या अर्थसाह्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एनपीटेल’ या उपक्रमात सात भारतीय तंत्रज्ञान संस्थांबरोबर भारतीय विज्ञान संस्था ही सहभागी संस्था होती. प्रारंभी अभियांत्रिकी व विज्ञान विषयांची व्याख्याने चित्रित करून ती सर्वांना खुली करणे, असे त्याचे स्वरूप होते. २०१४ मध्ये एनपीटेलने प्रमाणपत्र देणारे ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केले आणि व्याख्यानांच्या संग्रहाचे रूपांतर अभ्यासक्रमात झाले. ठरावीक आठवड्यांचे वेळापत्रक, दर आठवड्याचा स्वाध्याय, तो सादर करण्याची अंतिम तारीख, चर्चामंच आणि शेवटी केंद्रावर जाऊन द्यावयाची परीक्षा, असे त्याचे घटक आहेत. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम आठ स्वाध्यायांचे गुण धरले जातात. स्वाध्यायांना २५ टक्के आणि परीक्षेला ७५ टक्के भार असतो.

९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘स्वयम्’ या राष्ट्रीय व्यासपीठाचे उद्घाटन झाले. त्याच वेळी ३२ दूरचित्रवाणी वाहिन्यांचा ‘स्वयंप्रभा’ हा उपक्रमही सुरू करण्यात आला. स्वयम्वरील अभ्यासक्रमाचे चार घटक असतात : चित्रित व्याख्यान, वाचनासाठी साहित्य, स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या आणि शंकानिरसनासाठी ऑनलाइन चर्चामंच. व्यवस्थापन विषयांसाठी बंगळुरूची भारतीय व्यवस्थापन संस्था ही स्वयम्ची राष्ट्रीय समन्वयक संस्था आहे. या संस्थेने २०१४ पासूनच एडेक्स या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आपले अभ्यासक्रम देण्यास प्रारंभ केला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमावलीद्वारे स्वयम्वरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक २० टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरण्यास मान्यता दिली. २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. एखाद्या सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत श्रेयांक ज्या माध्यमातून मिळू शकतात, त्या माध्यमात विद्यार्थ्याच्या शंकेला उत्तर देणारे कोणी असणे, ही सवलत राहत नाही. तो विद्यार्थ्याचा हक्क ठरतो.

शालेय शिक्षणाच्या क्षेत्रात ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या व्यासपीठाचा तांत्रिक पाया असलेली ‘सनबर्ड’ ही मुक्त प्रणाली बंगळुरूच्या एकस्टेप प्रतिष्ठानाने विकसित केली. शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा ‘निष्ठा’ हा कार्यक्रम २०२० मध्ये याच व्यासपीठावरून ऑनलाइन घेण्यात आला.

संमंत्रकाच्या कामाचे टप्पे

ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठातील अध्यापिका गिली सॅमन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ऑनलाइन अध्ययनाचे पाच टप्पे मांडले. त्यांचा क्रम भारतीय विद्यार्थ्यांच्या संदर्भातही उपयुक्त आहे.

पहिला टप्पा प्रवेश व प्रेरणा हा होय. नोंदणी कशी करावी, स्वाध्याय कोठे सादर करावा, अंतिम तारीख कोणती, या गोष्टी संमंत्रकाने पहिल्याच दिवशी सोप्या भाषेत सांगाव्यात. पहिल्या आठवड्यातील पुष्कळशा अडचणी विषयाच्या नसून वापराच्या असतात आणि तेथेच अडलेला विद्यार्थी विषयापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरा टप्पा परस्परपरिचयाचा. अनोळखी हजारो जणांपुढे ‘मला हे समजले नाही’ असे लिहिण्यास विद्यार्थी कचरतो. म्हणून सुरुवातीस चूक वा बरोबर असे उत्तर नसलेला एखादा छोटा प्रश्न द्यावा : हा विषय का निवडला, त्याचा उपयोग कोठे करावयाचा आहे. एकदा दोन ओळी लिहिल्या की पुढे शंका विचारणे सुकर होते.

तिसरा टप्पा माहितीच्या देवाणघेवाणीचा असतो. येथे चर्चामंचावर प्रश्नांची गर्दी होते आणि एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुनःपुन्हा विचारला जातो. अशा प्रश्नांचे गट पाडून त्यांची एकत्रित उत्तरे देणे आणि ती सहज सापडतील अशा ठिकाणी ठेवणे आवश्यक असते. स्वाध्यायातील एखादा प्रश्न संदिग्ध निघाल्यास त्याची दुरुस्ती तक्रार करणाऱ्या एकट्यास न कळविता सर्वांसाठी जाहीर करावी. असा पारदर्शीपणा राहिला तरच मूल्यमापनावरील विश्वास टिकतो.

चौथ्या टप्प्यावर ज्ञानाची रचना होते. येथे संमंत्रकाने उत्तर देण्याची घाई करू नये. एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावर दुसऱ्याने दिलेले अर्धे उत्तर आणि तिसऱ्याने दाखविलेली त्यातील त्रुटी यांची गुंफण करून चर्चा पुढे न्यावी आणि आठवड्याअखेर तिचा सारांश लिहावा. गुंफण आणि सारांश ही संमंत्रकाची दोन प्रमुख कौशल्ये मानली जातात. पाचव्या टप्प्यावर विद्यार्थी स्वतःच्या अध्ययनाचा विचार करू लागतो व इतरांना साह्य करतो. येथे संमंत्रकाने हळूहळू मागे सरावे, हे अपेक्षित असते.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे गॅरिसन, अँडरसन व आर्चर यांनी याच सुमारास मांडलेला विचार याला पूरक आहे. ऑनलाइन अध्ययनात वैचारिक, सामाजिक आणि अध्यापकीय अशी तीन प्रकारची उपस्थिती आवश्यक असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. शिक्षक पडद्यावर दिसतो म्हणजे तो उपस्थित असतोच असे नाही. चित्रित व्याख्यान वर्षानुवर्षे दाखविता येते. या आठवड्यातील, या विद्यार्थ्याच्या शंकेची दखल घेतली गेली, हीच त्याच्या दृष्टीने शिक्षकाची उपस्थिती होय.

या सर्वांत कठीण काम मौन ओळखण्याचे आहे. प्रश्न विचारणारा विद्यार्थी संमंत्रकाला दिसतो. न विचारणारा दिसत नाही. सलग दोन स्वाध्याय सादर न करणाऱ्यांची यादी संगणक क्षणात देऊ शकतो. त्या यादीतील प्रत्येकास आपुलकीचे चार शब्द आणि मागे पडलेला अभ्यास कसा भरून काढता येईल याची माहिती पाठविणे, हे माणसाचे काम आहे. तसेच चर्चेत अपमानास्पद भाषा, उत्तरांची उघड देवाणघेवाण किंवा विषयबाह्य मजकूर येऊ लागल्यास नियम आधी सांगून, मग व्यक्तिगत समज देऊन आणि शेवटी कारवाई करून त्यास आवर घालावा लागतो.

प्रमाण, भाषा आणि समता

एका प्राध्यापकाने हजारो विद्यार्थ्यांना उत्तरे देणे अशक्य आहे. म्हणून संमंत्रणाची रचना स्तरांची असावी लागते. एनपीटेलने अनेक महाविद्यालयांत स्थानिक केंद्रे स्थापन केली आहेत. तेथील एक शिक्षक संपर्काचे काम पाहतो आणि विषयाचे शिक्षक मार्गदर्शक म्हणून विद्यार्थ्यांच्या स्वाध्यायांकडे लक्ष देतात. व्याख्यात्याला अध्यापन साहाय्यकांची जोड असते. अलीकडच्या वर्षांत पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्तीचे संशोधक काही अभ्यासक्रमांसाठी साप्ताहिक थेट सत्रेही घेऊ लागले आहेत. पूर्णतः ऑनलाइन पदव्यांच्या बाबतीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीत दर २५० विद्यार्थ्यांमागे एक अभ्यासक्रम मार्गदर्शक असावा आणि विद्यार्थ्याचा सहभाग दर पंधरवड्यास किमान दोन तास असावा, अशी तरतूद आहे. शिक्षक व विद्यार्थी यांचे प्रमाण शाळेप्रमाणेच ऑनलाइन शिक्षणातही गुणवत्तेचा निकष ठरते, हे या तरतुदीतून स्पष्ट होते.

भाषेचा प्रश्नही येथे कळीचा आहे. व्याख्यान इंग्रजीत असले तरी शंका मातृभाषेत सुचते. मराठी वा कन्नड माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्यास विषय समजतो, पण चर्चामंचावर इंग्रजीत दोन वाक्ये लिहिण्याचा संकोच त्याला गप्प बसवितो. स्थानिक केंद्रावरील मार्गदर्शक मातृभाषेतील प्रश्न ऐकून घेऊ शकतो, ही त्या व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे. बेळगावसारख्या मराठी व कन्नड या दोन्ही भाषा नांदणाऱ्या भागात तर हे विशेषच खरे आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये ऑनलाइन शिक्षणाचा विचार करताना समन्यायी वापरावर आणि भारतीय भाषांतील आशयावर भर देण्यात आला आहे. आशयाबरोबरच संमंत्रणही भारतीय भाषांत व्हावयास हवे.

समतेचा दुसरा पैलू साधनांचा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) इंटरनेटचा कधीतरी वापर केलेल्यांचे प्रमाण पुरुषांत ५७.१ टक्के, तर स्त्रियांत ३३.३ टक्के होते. घरातील एकच मोबाइल संचावर रात्री उशिरा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थिनीस सायंकाळच्या थेट सत्राला हजर राहता येत नाही. अशांसाठी लिखित चर्चा, सत्राचा संक्षिप्त वृत्तान्त आणि स्वाध्यायासाठी पुरेशी मुदत या साध्या सोयी मोलाच्या ठरतात.

नवी आव्हाने

पहिले आव्हान कार्यभाराचे. अनेक ठिकाणी संमंत्रण हे नियमित अध्यापन सांभाळून करावयाचे वाढीव काम समजले जाते. त्यासाठी तास राखून ठेवले जात नाहीत आणि त्याचे प्रशिक्षणही दिले जात नाही. अभ्यासक्रमाच्या अंदाजपत्रकात चित्रीकरणाचा खर्च एकदाच येतो. संमंत्रणाचा खर्च मात्र अभ्यासक्रम जितक्या वेळा चालविला जाईल तितक्या वेळा येतो. हा आवर्ती खर्च टाळण्याचा मोह होतो आणि तेथेच गुणवत्तेला ओहोटी लागते.

दुसरे आव्हान कृत्रिम बुद्धिमत्तेचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी उपलब्ध झाल्यापासून वस्तुनिष्ठ स्वाध्यायाचे उत्तर काही क्षणांत मिळू शकते. त्यामुळे केवळ गुणांवरून आकलन ओळखणे अवघड झाले आहे. उत्तराकडे नेणारा विचार मांडावयास सांगणे, स्थानिक उदाहरण मागणे, एखादे चुकीचे उत्तर देऊन त्यातील दोष शोधावयास लावणे, असे उपाय संमंत्रकाला योजावे लागतील. नेहमीच्या तांत्रिक शंकांची उत्तरे यंत्राकडे सोपवून वाचलेला वेळ मागे पडलेल्या विद्यार्थ्यांसाठी वापरता आला, तर हेच तंत्रज्ञान साह्यकारीही ठरेल.

समारोप

साइटपासून स्वयम्पर्यंतच्या वाटचालीत माध्यमे बदलत गेली. उपग्रहाची जागा इंटरनेटने आणि सामुदायिक दूरचित्रवाणी संचाची जागा मोबाइलने घेतली. ज्ञान वरून खाली पोहोचविण्याची क्षमता प्रत्येक टप्प्यावर वाढली. खालून वर येणारा प्रश्न ऐकण्याची व्यवस्था मात्र त्या वेगाने वाढलेली नाही. ऑनलाइन शिक्षणाची प्रगती किती अभ्यासक्रम उपलब्ध झाले आणि किती जणांनी नोंदणी केली यावरून मोजण्याचा प्रघात आहे. त्याबरोबरच किती प्रश्नांना वेळेत उत्तरे मिळाली, मागे पडलेल्यांपैकी किती जण पुन्हा अभ्यासाकडे वळले आणि दर किती विद्यार्थ्यांमागे एक संमंत्रक उपलब्ध होता, हेही निकष मानले गेले पाहिजेत. उच्च शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचा संकल्प सिद्धीस न्यावयाचा असेल, तर चित्रीकरण कक्षांइतकीच गुंतवणूक संमंत्रकांच्या निवडीत, प्रशिक्षणात आणि वेळेत करणे अगत्याचे आहे.